अनोळखी साक्षीदार : ऑनलाइन तांत्रिक समुदाय आणि त्यातली माणसे

ऑनलाइन तांत्रिक समुदाय म्हणजे एखाद्या तांत्रिक कामाभोवती जमलेली आणि बहुतांशी एकमेकांना कधीच न भेटलेली माणसे. काम कोणतेही असेल: संगणकाची कार्यप्रणाली लिहिणे, एखाद्या लिपीचा फॉन्ट दुरुस्त करणे, अडलेल्या प्रोग्रामरच्या प्रश्नाला उत्तर देणे. समाजमाध्यमांवरच्या गटांपासून हे समुदाय वेगळे पडतात ते या कामामुळेच. व्हॉट्सॲपच्या गटात सकाळी आलेला सुविचार दुपारपर्यंत कुणाला आठवत नाही. इथे मात्र वीस वर्षांपूर्वी कोणी कुठली ओळ का बदलली आणि त्यावर कोणी काय आक्षेप घेतला, हे आजही जसेच्या तसे वाचता येते. सभासदांच्या आयुष्यात जे बदल घडतात त्यांचे मूळ पुष्कळ अंशी या नोंदीत आहे. माहिती पुस्तकांत आणि व्हिडिओंतही मिळते. समुदाय मात्र केलेल्या कामाला साक्षीदार देतो, आणि तेही असे, की ज्यांना भिडेखातर शाबासकी देण्याचे काहीच कारण नसते.

या प्रकाराची सुरुवात इंटरनेट घराघरांत पोचण्याच्या बरीच आधी झाली. अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी १९७९-८० च्या सुमारास ‘यूझनेट’ हे चर्चाजाळे उभे केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा त्याच जाळ्यावर केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिथेच एक छोटे पत्र टाकले. आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, तिच्यात काय असावे असे लोकांना वाटते, एवढाच त्याचा आशय. तिचे पुढे लिनक्स झाले. मदतीला धावलेल्यांपैकी बहुतेकांना हा मुलगा कोण, कसा, काहीच ठाऊक नव्हते. दोनच वर्षांनी इयन मरडॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने ‘डेबियन’ची घोषणा केली. लिनक्सभोवतीची सगळी साधने जुळवून देणारा हा समुदाय आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि आपला नेता दरवर्षी मतदानाने निवडतो.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून कुंथत येणारे. त्यावरून अख्खी कार्यप्रणाली उतरवून घेणे हा वेडेपणाच ठरला असता. म्हणून १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली, ही त्या काळातली मोठीच गोष्ट. ती सीडी घरच्या संगणकावर चढवताना डिस्कवरचे होते-नव्हते ते पुसून बसलेल्या मुलांना मदत मागायला जागा हवी होती. पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांतले लिनक्स वापरकर्त्यांचे गट त्या गरजेतून वाढले.

असे समुदाय माणसाला शिकवतात कसे, याचे सर्वांत पटणारे उत्तर संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या एका अभ्यासात सापडते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचे वर्णन आहे. मुलगा दुकानात आला की त्याला काज-बटण आणि दुमड घालण्याचे काम मिळते, पुढे शिवण येते आणि कापडाला कात्री लावणे सगळ्यात शेवटी. काज चुकले तर उसवता येते, कापड चुकले तर वाया जाते. पण काज करता करता अख्खा कपडा कसा बेतलेला आहे हे मुलाला दिसत राहते. म्हणजे कडेला बसून का होईना, तो खऱ्या कामात असतो. तांत्रिक समुदायांत नेमके हेच होते. नवखा आधी माहितीपत्रकातली स्पेलिंगची चूक सुधारतो, मग एखादी छोटी चूक शोधून कळवतो, मग ती दुरुस्त करून पाठवतो, आणि तीन-चार वर्षांनी कोणी दुसरा नवखा त्याच्याकडे दुरुस्ती पाठवू लागतो.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दुरुस्ती पाठवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, आणि ती साध्या ईमेलने जाते. जोडपत्र चालत नाही, रंगीत अक्षरे चालत नाहीत. पाठवण्याआधी एका ठरावीक स्क्रिप्टमधून ती तपासावी लागते. समासाची जागा चुकली तरी स्क्रिप्ट कुरकुरते. शेवटी आपल्या नावाची एक ओळ असते: हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला हक्क आहे, अशा अर्थाची सही. हा नियम २००४ पासूनचा. उत्तर आले तर ते एकेका ओळीखाली आलेले असते: ही स्मृती मोकळी कुठे केली, या नावाचा अर्थ काय, हे काम करणारे फंक्शन आधीच असताना दुसरे कशाला? मग दुरुस्तीची दुसरी आवृत्ती, तिसरी, कधी सातवी. आणि एक दिवस ती स्वीकारली जाते व पाठवणाऱ्याचे नाव प्रकल्पाच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते. आडगावातल्या कॉलेजमध्ये शिकणाऱ्या मुलीच्या बारा ओळींवर त्या विषयातला जगातला जाणता माणूस अर्धा तास घालवतो, हे इतर कुठल्या व्यवसायात सहसा घडत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात साहेबाकडूनही इतके लक्ष मिळत नाही.

ही रीत नवख्यांना आधी कुठेतरी शिकावी लागते. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स गटाने तेच काम हाती घेतले. कुशल दास यांनी २००४ मध्ये हा गट सुरू केला. ते पुढे पायथॉन भाषेच्या मुख्य विकसकांपैकी एक झाले. गटाचे उन्हाळी प्रशिक्षण २००८ मध्ये सुरू झाले आणि ते आयआरसी या जुन्या, केवळ अक्षरांच्या गप्पाखोलीत भरत आले. आवाज नाही, चित्र नाही. सुरुवातीला हजेरी होते, जो तो आपले नाव टाइप करतो. प्रश्न असेल तर मध्येच विचारायचा नाही; फक्त एक उद्गारचिन्ह टाइप करून थांबायचे. तो झाला वर केलेला हात. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, सगळे हात रांगेत लावतो आणि पाळी आली की पुकारतो. वरवर ही मागासलेली पद्धत वाटेल, पण खेड्यातल्या मंद जोडणीवर ती चालते, इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्याला वाक्य जुळवायला वेळ देते, आणि वीज गेली तरी वर्ग नंतर वाचता येतो. या वर्गांत कोडच्या जोडीने पत्र कसे लिहावे आणि प्रश्न कसा विचारावा हेही शिकवले जाते. खरे तर समुदायात टिकण्यासाठी तेच आधी लागते.

कामच बोलू लागले की वय, पदवी आणि गाव मागे पडतात. संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप पोचवणाऱ्या ‘आरएसएस’ या मानकाची १.० आवृत्ती २००० साली एका मेलिंग लिस्टवर घडली. तिच्या लेखकांपैकी ॲरन स्वार्ट्झ तेव्हा चौदा वर्षांचा होता. कोविद गोयल कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्रात संशोधन करत असताना त्यांनी सोनीचे ई-पुस्तक वाचनयंत्र घेतले, आणि ते लिनक्सशी बोलेना. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांनी स्वतःपुरता प्रोग्राम लिहायला घेतला. त्या यंत्राच्या बंदिस्त फाइलरचनेची उकल करायला ‘मोबाइलरीड’ या वाचनयंत्रवेड्यांच्या समुदायाने हात दिला. त्याच प्रोग्रामचे पुढे ‘कॅलिबर’ झाले. ई-पुस्तके सांभाळण्यासाठी जगभर तो वापरला जातो. भौतिकशास्त्रज्ञाच्या आयुष्याला मिळालेले हे वळण विद्यापीठाच्या कुठल्याच आराखड्यात नव्हते.

कॉन कोलिव्हस यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ते ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. घरचा संगणक अडखळतो, माउस हलवला की गाणे तुटते, एवढ्या कारणाने ते कर्नलकडे वळले आणि त्यासाठी सी भाषा शिकले. प्रोसेसरचा वेळ निरनिराळ्या कामांना कसा वाटावा याची त्यांची कल्पना वापरणाऱ्यांना आवडली. २००७ मध्ये कर्नलने नवी वाटपपद्धत स्वीकारली, पण ती त्यांची नव्हे. ती दुसऱ्या, जुन्या जाणत्या विकसकाने लिहिली होती. कल्पनेचे श्रेय त्याने कोलिव्हस यांना दिले, कोड मात्र स्वतःचा घातला. कोलिव्हस बाहेर पडले, दोन वर्षांनी स्वतंत्र पॅच घेऊन परतले आणि २०२१ मध्ये त्यांनी तेही थांबवले. साक्षीदार मिळणे म्हणजे मान मिळणेच नव्हे. सगळ्यांसमोर डावलले जाणेही त्यातच येते, आणि तीही नोंद पुसता येत नाही.

नोकरीचा प्रश्न सर्वांत जास्त चर्चेत असतो आणि त्यावर संशोधनही बरेच झाले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानेही लांबच्या ओळखींचे हे बळ बऱ्याच अंशी पक्के केले. तांत्रिक समुदाय अशा लांबच्या ओळखींची खाणच आहे. आपल्याकडच्या वशिल्याशी तिचे वरवर साम्य दिसते, पण वशिल्यात शब्द टाकणारा माणूस नातेवाईक किंवा गाववाला म्हणून टाकतो. इथे तो उमेदवाराच्या चुका आणि त्या सुधारण्याची तऱ्हा पाहून टाकतो. जॉश लर्नर आणि झाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हाच मुद्दा मांडला: फुकट केलेले काम ही बाजाराला दिलेली कुवतीची खूण असते. कोड साठवण्याच्या आणि वाटून घेण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळाच्या २०१७ च्या पाहणीत निम्म्या योगदानकर्त्यांनी सांगितले, की सध्याची नोकरी मिळण्यात या कामाचा वाटा होता.

प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने ही खूण थेट आकड्यातच आणली. २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी उत्तराला पसंती मिळाली की १० गुण आणि विचारणाऱ्याने ते स्वीकारले की १५. गुण वाढतील तसे अधिकार वाढतात: ५० गुणांवर कुठल्याही प्रश्नाखाली टिप्पणी करता येते, २००० वर दुसऱ्याचे लिखाण थेट सुधारता येते. हा आकडा लोक अर्जात लिहू लागले. मग संशोधकांनी अडचणीचा प्रश्न विचारला: नोकरी मिळाल्यावर काय होते? गुण मिळवून देणारी धडपड साधारण चौथाईने घटते, आणि गुण न देणारी किरकोळ कामे त्या मानाने थोडीच कमी होतात, असे त्यांना दिसले. हे वाचून समुदायाला स्वार्थाचा बाजार म्हणण्याचा मोह होईल, पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की तीन चतुर्थांश धडपड नोकरीनंतरही चालूच राहते. करीम लाखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी ६८४ विकसकांना विचारले तेव्हा कामातला आनंद हेच सर्वांत बळकट कारण निघाले होते.

भारतीय भाषांच्या बाबतीत मिळकत आणखी वेगळी आहे. मराठीत ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला स्वयंपाक सांगायचा. दुसऱ्यातला आडवा रफार हिंदीला लागत नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीहून वेगळी. फॉन्टमध्ये हे बिघडले तर ते दिसायला मराठी वाचणाराच डोळा हवा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने खुले केले, तेव्हा अशा चुका शोधून कळवण्याचे दार कोणालाही उघडले. ‘फाइल’ म्हणावे की ‘धारिका’, यावर घरचे खाऊन वाद घालणारे अनुवादक त्याच काळातले. शाळेत शिकलेले व्याकरण जगाच्या बाजारात कामाला येते हा शोध त्यांपैकी अनेकांना नवा होता, आणि त्याचे मोल पगारात मोजण्यासारखे नाही.

ही दारे सगळ्यांना सारखी उघडी नाहीत. गिटहबच्या त्याच पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते आणि स्त्रिया अवघ्या ३ टक्के. २०१७ च्या आणखी एका अभ्यासात स्त्रियांचे बदल पुरुषांच्या बदलांपेक्षा थोडे अधिक प्रमाणात स्वीकारले गेल्याचे आढळले. मात्र प्रकल्पात नवख्या असलेल्या आणि नावा-फोटोवरून स्त्री म्हणून ओळखू येणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण खाली आले. म्हणजे कामच बोलते हे खरे, पण बोलणारा कोण हे कळेपर्यंत. लिनक्समध्ये यूएसबी ३.० ची सोय लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी २०१५ मध्ये तिथल्या बोलण्याच्या तऱ्हेला कंटाळून कर्नल सोडले. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या तिखट ईमेलांबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे रजा घेतली. वागणुकीची नवी संहिताही तेव्हाच आली. स्टॅक ओव्हरफ्लोनेही त्याच वर्षी कबूल केले, की अनेकांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, इथे परके वाटते. ‘नोम’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात सुरू झालेला ‘आउटरीची’ आणि गूगलचा ‘समर ऑफ कोड’ (२००५ पासून) हे उपक्रम विद्यावेतन आणि मार्गदर्शक दोन्ही देतात, आणि त्यातले विद्यावेतन अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे. फुकट काम करायला आधी मोकळी संध्याकाळ लागते. जिच्या संध्याकाळी कणीक मळण्यात आणि मुलांच्या गृहपाठात जातात, तिच्या कुवतीची खूण बाजाराला दिसत नाही.

मोकळ्या संध्याकाळी संपतातही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा जगाला कळले, की निम्म्याअधिक इंटरनेटचे कुलूप असलेल्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या येतात आणि पूर्णवेळ माणूस एकच आहे. दोन वर्षांनी एका वैतागलेल्या विकसकाने आपला ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा प्रोग्राम काढून घेतला, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे त्यावर विसंबलेले प्रोग्राम बनेनासे झाले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा थकला की लष्कर उपाशी राहते. २०२४ मध्ये झिरोधा या भारतीय कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. समुद्राच्या मानाने ही ओंजळ असली तरी भारतीय कंपन्या इतकी वर्षे बहुतांशी घेतच आल्या होत्या.

विश्वास हा या सगळ्याचा पाया, आणि त्याची खातरजमा करण्याच्या पद्धती जुन्या आहेत. डेबियनचा विकसक व्हायचे तर आपली डिजिटल किल्ली जुन्या सभासदांकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी पारंपरिक रीत म्हणजे समोरासमोर भेटून पासपोर्ट दाखवणे. ऑनलाइन समुदायाचा हा दाखला चहाच्या टेबलावर मिळतो. सगळीकडे मात्र इतका सोवळेपणा नसतो. फाइली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ हे साधन फिनलंडमधला एक जण एकट्याने, विनामोबदला सांभाळत होता आणि तब्येतीने थकला होता. एका मदतनीसाने दोनेक वर्षे चांगले पॅच पाठवले, काही अनोळखी नावांनी जुन्या माणसावर काम सोपवण्यासाठी दबाव आणला, आणि किल्ल्या मदतनीसाकडे गेल्या. त्याने आत चोरदरवाजा ठेवला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या विकसकाला आपल्या चाचणी यंत्रावर दूरस्थ लॉगिन अर्ध्या सेकंदाने उशिरा होत असल्याचे खटकले, म्हणून हा चोरदरवाजा सापडला. कामाने मान मिळवण्याची जी वाट कित्येकांचे भाग्य उजळते, तीच इथे खिंडार पाडायला वापरली गेली होती. तेव्हापासून उत्साही नवख्याकडे पाहण्याची नजर थोडी बदलली आहे.

त्याआधीच दुसरे एक वळण आले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि डिसेंबरातच स्टॅक ओव्हरफ्लोला त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली. बंदी टिकली, पण प्रश्न विचारणारेच ओसरले; नव्या प्रश्नांची संख्या तेव्हापासून झपाट्याने खाली आली आहे. अडलेल्याला उत्तर आता बंद खिडकीत, कुणाच्याही खोचक शेऱ्याविना मिळते. त्याचा संकोच वाचतो; पण तो अडला होता आणि सुटला, याची नोंद कुठेच राहत नाही. ‘कर्ल’ हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून सांगत आहेत, की यंत्राने लिहिलेले, दिसायला पांडित्यपूर्ण आणि आत पोकळ असे दोष-अहवाल तपासण्यात त्यांचा वेळ जातो.

अनेक प्रकल्पांत सोपी कामे नवख्यांसाठी बाजूला काढून ठेवण्याची प्रथा आहे. कर्नलच्या ‘स्टेजिंग’ विभागात कच्च्या ड्रायव्हरांच्या शेजारी करायच्या कामांची एक यादी असते: ही ओळ नीट लाव, ते नाव बदल, हा न वापरलेला भाग काढ. जाणत्या माणसाला ती पाच मिनिटांची कामे. तरी नवख्याला कडेला बसायला जागा हवी, म्हणून त्यांना मुद्दाम हात लावायचा नाही, असा सांभाळणाऱ्यांचा शिरस्ता. लायबेरियातल्या शिंप्याचे काज-बटण ते हेच. अशी अख्खी यादी यंत्र आता एका दमात उरकू शकते, आणि काही सेकंदांत उरकलेली कामे सांभाळणाऱ्यांच्या टपालात येऊन पडूही लागली आहेत. त्यांतला कोणता पॅच शिकायला आलेल्या माणसाचा आहे, हे ओळखायला सांभाळणाऱ्याकडे अजून तरी एकच उपाय आहे: ओळीखाली प्रश्न लिहायचा आणि दुसरी आवृत्ती येते का याची वाट पाहायची.